पाठमोरी चौकट

आमच्या घरात ओटीवरून आत आलं की समोरच्या भिंतीवर दोन चौकटी दिसतात. उजवीकडच्या चौकटीत हातानं रंगवलेलं एका गावाचं चित्र आहे. डावीकडची चौकट भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहे, म्हणजे बघणाऱ्याला तिची पाठ दिसते. फळी, चार खिळे आणि कडेनं चिकटवलेले कागद. नवा माणूस घरात आला की पाणी पिऊन होईस्तोवर कसाबसा दम धरतो आणि मग उठून ती सरळ करायला जातो. मी म्हणतो, "बसा खाली. ती सरळच आहे."

माणूस बसतो, पण त्याची नजर काही तिथून हटत नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं त्याला वाटत असणार. वाटू दे. ज्यानं उभा जन्म लोणावळ्याच्या बाजारात चौकटी करण्यात घालवला, त्याला उलटं-सुलटं कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी हुज्जत घालत नाही. पण एकदा काय ते सांगून टाकतो.

आधी धंद्याची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या रीतीनंच झाला. छापील तसबिरी मुंबईहून गठ्ठ्यानं यायच्या. देव, राजा-राणी, मक्का-मदिना, तळ्यातले हंस. पावसाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नसे, तेव्हा मी तीन ठरलेल्या मापांच्या चौकटी करून ठेवायचो. तसबीर मापात बसली तर ठीक. नाही बसली तर पोलादी पट्टी ठेवायची, सुरी ओढायची आणि कड उडवायची. आभाळ थोडं कमी होई, एखादा हंस जाई. कुणाचं काही अडत नसे. सुरी वाकडी गेलीच तर गठ्ठ्यातली दुसरी तसबीर काढायची, ती पहिलीसारखीच असे.

उडवलेल्या कडाही आम्ही फुकट घालवत नसू. चौकटीच्या पाठीला फळी ठोकली की फळी आणि लाकूड यांच्यामध्ये फट राहते, तिच्यातून धूळ आणि कसर आत शिरते. त्या फटीवर ह्याच कापलेल्या पट्ट्या खळीनं चिकटवायच्या. मैद्याची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. कागदाची कोरी बाजू खळ चांगली धरते, म्हणून रंगीत बाजू वर राही. लोणावळ्यातल्या निम्म्या घरांत तसबिरीच्या पाठीवर कुणाचं तरी आभाळ आणि कुणाचा तरी हंस अजून असेल. बघतो कोण?

आता घरची रीत. दिवसभर मी माणसांची तोंडं काचेखाली घालत असे, पण आमच्या भिंतीवर एकही तोंड नव्हतं. माझी आई त्या खोलीत नमाज पढायची आणि तिथं माणसाचं चित्र तिला चालत नसे. मी कधी चेष्टेनं म्हटलं, की चौकटवाल्याचं घर आणि भिंत उघडी, तर ती म्हणायची, "धंदा दुकानात कर. भिंत माझी आहे." तिच्यापुढे माझ्या वडिलांचंही काही चाललं नव्हतं, मग माझं काय चालणार!

माझी बायको डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली, तिथल्या एका गावच्या मुलाण्याची मुलगी. आमच्या लग्नात दोन्ही विहिणींचं जेवणावरून वाजलं. वरपक्षाला वाढलेला भात कच्चा होता असं माझी आई म्हणाली. "आमच्या आंबेमोहराला कच्चा म्हणता? तुमच्या बाजारात खाल्लाय का कधी?" असं सासू म्हणाली. झालं. त्यानंतर दोघी एकमेकींच्या उंबऱ्याला शिवल्या नाहीत. माझी आई तिचा उल्लेख 'ती डोंगरातली' असा करायची, आणि सून समोर असली तरी आवाज खाली आणत नसे.

लग्नाला चार वर्षं झाली आणि त्या खोऱ्यात धरणाचं पाणी भरलं. गाव गेलं. लोकांनी मिळेल ती वाट धरली. बायकोचे भाऊ तळेगावाकडे आंबीला जाऊन दुसऱ्याची जमीन कसू लागले. सासूही त्यांच्याबरोबर गेली, पण तिनं तिथं वर्षही काढलं नाही. ताप आला आणि गेली. बायको माती द्यायला आंबीला जाऊन आली, चार दिवस रडली आणि पुढे तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. आमच्यात बायकोला असं काही विचारायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला सुचलंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याचे एक ड्रॉइंग मास्तर लोणावळ्याला येऊन राहिले. नोकरी संपलेली, छातीचा आजार, म्हणून हवेला आलेले. खंडाळ्याच्या रस्त्याला एका बंगल्याचं आउटहाउस त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. नोकरीत असताना दर सुट्टीत ते आमच्या मावळातली खोरी पायी हिंडायचे आणि बसतील तिथं चित्रं काढायचे. त्यातली सात-आठ घेऊन ते एका दुपारी दुकानात आले. बंगलेवाल्यांना दाखवायची होती, चौकटींचा अंदाज हवा होता. आमचं घर दुकानाच्या मागंच. बायको चहा घेऊन बाहेर आली आणि फळीवर मांडलेल्या चित्रांपाशी थबकली. कप तिच्या हातात तसाच. मी खाकरलो, तरी ती हलेना.

मास्तर म्हणाले, "ओळखलंत का बाई, गाव कुठलं ते?"

"व्हय," ती म्हणाली. कप ठेवला आणि आत गेली.

संध्याकाळी जेवायला वाढताना ती म्हणाली, "त्ये गावाचं चित्तर मला पायजे."

"आपल्याकडे काय तसबिरींचा दुष्काळ पडलाय? गठ्ठे आहेत दुकानात, हवी ती उचल."

"त्या नगं. त्येच पायजे."

तिनं कधी काही मागितलं नव्हतं. बांगड्यासुद्धा फुटल्यावर मीच लक्षात ठेवून आणायचो. मी आईकडे पाहिलं. आईनं घास चावून संपवला आणि विचारलं, "माणसं आहेत का त्यात?"

"न्हाई," बायको म्हणाली. "घरं हायती. झाडं हायती."

ती आईशी खोटं बोलली होती. चार-पाच वर्षांत पहिल्यांदाच. मला ते तेव्हा कळलं नाही. मी आपला चित्राची किंमत काय असेल याचा विचार करत होतो.

किंमत ऐकली तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. "मास्तर," मी म्हटलं, "एवढ्यात दोन डझन तसबिरी येतात, काचेसकट."

"मग त्या घ्या."

"काहीतरी कमी करा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चौकटवाले, तुमच्या त्या दोन डझन तसबिरी गावोगाव घरोघरी आहेत. हे एवढंच आहे. गावही आता नाही. घ्या, नाहीतर राहू द्या, माझं काही म्हणणं नाही."

असा राग आला मला! दुकानदाराशी असं बोलतात? कागद आणि चार रंग, त्यात असं काय सोनं लागलंय? पण बायकोचा तो थबकलेला कप डोळ्यांपुढून जाईना. घेतलं चित्र. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत आलो.

मात्र घेतलंय तर नीट करायचं, असं मी ठरवलं. माझ्याकडे सागवानी, आतून सोनेरी रेघ मारलेली एक चौकट पडून होती. एका बंगल्याच्या शेठनं सांगितलेली, पण ते न्यायला आलेच नाहीत. दुकानातली सगळ्यात देखणी चौकट ती. बायकोच्या माहेराला हीच घालायची, असं मनाशी म्हटलं. कधी नव्हे तो मला उमाळा आला होता. चित्र लावून पाहिलं तर ते चौकटीपेक्षा दोन बोटं रुंद.

यावर काय करतात ते मी वर सांगितलंच आहे. प्रश्न एवढाच होता, की कड कुठली उडवायची. उजव्या कडेला चिंच होती आणि विहीर. डाव्या कडेला एक घर, त्याचं दार, दारात काहीतरी हिरवं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. बाई होती. नखाएवढी, हिरव्या लुगड्यातली, कमरेवर सूप. मनात म्हटलं, बरं झालं वेळीच दिसलं, आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. डाव्या कडेला पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. एकाच ओढीत कड सुटून आली. माझा हात त्या वयात फार साफ होता आणि मला त्याचा तोरा होता.

चित्र भिंतीवर लागलं. आईनं कंदील धरून चारी कोपरे तपासले आणि "हं" केलं. बायको पुढे आली. चित्राकडे बघितलं, मग चौकटीच्या डाव्या कडेकडे. त्या लाकडावरून तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि चुलीकडे निघून गेली. मला वाटलं, सोनेरी रेघ आवडली असेल.

त्यानंतर पंधरा दिवस तिनं त्या भिंतीकडे पाहिलं नाही. केर काढताना तेवढी खोली पाठ करून काढायची. मी दोन-तीनदा मुद्दाम चित्राची तारीफ केली. ती घागर उचलून पाण्याला गेली. शेवटी एका दुपारी ती भाकरी थापत होती तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हटलं, "एवढं हट्टानं मागून घेतलंस आणि आता ढुंकून बघत नाहीस? हौस फिटली वाटतं चार दिवसांत!"

तिचे हात थांबले.

"माजी आय कुटं हाय?" तिनं विचारलं.

"कोण?"

"दारात हुबी व्हती. सूप घिऊन, येक पाय उंबऱ्यावर. ती तशीच ऱ्हायची हुबी. तुमी तिला कुटं टाकली?"

एवढं बोलून तिला रडू कोसळलं. पिठाच्या हातांनीच तिनं तोंड झाकून घेतलं. आतल्या खोलीत आई मण्यांची माळ ओढत बसली होती, तिच्या मण्यांचा आवाज बंद पडला. सुनेचं खोटं तिलाही तेव्हाच कळलं. पण ती बाहेर आली नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोकडे तिच्या आईचा फोटो कुठून असणार? खोऱ्यातल्या कुणाचाच नव्हता. घर पाण्यात, आई मातीत, आणि जी नखाएवढी उरली होती तिच्यावर मी सुरी चालवली होती. ते बघून, विचार करून आणि वर खूश होऊन.

दुकानात जाऊन कापलेल्या पट्ट्यांचा डबा पालथा केला. दोन हंस, थोडं आभाळ, राणीच्या झग्याचा घेर. ती पट्टी नव्हती. म्हणजे त्या दिवसांत केलेल्या कुठल्या तरी चौकटीच्या पाठीला मी ती चिकटवून दिली होती.

पहिल्यांदा मास्तरांकडे गेलो. म्हटलं, त्यांनी काढलीय, ते पुन्हा काढून देतील. काय ते पैसे देऊ. झालेलं सगळं खालमानेनं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांना आधी खोकला आला, मग हसू आलं.

"काढून देईन की," ते म्हणाले. "हिरवं लुगडं, सूप, सगळं देईन. पण ती कुणीतरी म्हातारी होईल, चौकटवाले. तुमच्या सासूबाई मला आता कुठून दिसणार? त्या दारात उभ्या होत्या म्हणून काढल्या. आणि उभ्या राहिल्या त्याही भांडून."

"भांडून?"

"दोन दिवस मी त्यांच्या खळ्याच्या कडेला बसून गाव काढत होतो. पहिल्या दिवशी म्हणाल्या, हितनं उठा, मला भात घालायचाय. दुसऱ्या दिवशी ताक आणून दिलं आणि पाठीमागं उभ्या राहून चित्र बघितलं. म्हणाल्या, 'घरात मानूस कुटं हाय? रिकामं घर काय काढताय? आमी हाय की अजून हितं!' आणि सूप घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, वेळ लागेल. तर म्हणाल्या, लागू द्या. मग काढावंच लागलं."

मी उठलो. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा ते मागून ओरडले, "पट्टी सापडली तर पाणी लावून सोडवू नका हां! माझे रंग पाण्याचे आहेत, सगळं वाहून जाईल!"

चित्र कापलं त्या आठवड्यात दुकानातून तीन चौकटी गेल्या होत्या. एक स्टेशनावरच्या तारबाबूकडे. त्याच्या क्वार्टरवर जाऊन म्हटलं, "तुमचे राजा-राणी जरा पालथे करून बघू का?" बाबू सरकारी नोकर. त्यानं आधी दार लावून घेतलं, मग मला विचारलं, "कुणी पाठवलंय तुम्हाला?" समजूत घालता घालता अर्धा तास गेला. राजा-राणीच्या पाठीवर मुंबईचं वर्तमानपत्र निघालं. दुसरी चौकट वलवणच्या वाटेवरच्या एका बंगल्यात. तिथला माळी म्हणाला, मालक चौकट टांगून मुंबईला गेले, आता उन्हाळ्यात येतील, तोवर कुलूप. त्याच्या हातापाया पडून खिडकीतून हात घालून ती चौकट फिरवली. हंस.

तिसरी कुसगावची.

कुसगावला एका शेतकऱ्याच्या घरी खंडोबाची तसबीर दिली होती. मी गेलो तेव्हा घरधनी शेतावर होता आणि त्याची बायको अंगणात शेण सारवत होती. माझ्या आईच्या वयाची बाई. मी म्हटलं, "मावशी, तुमचा देव जरा फिरवून बघायचाय."

"का रं बाबा? द्येवाच्या पाठीला काय झालं?"

"माझं काहीतरी राहिलंय तिथं."

तिनं हात धुतले, देव भिंतीवरून काढला आणि स्वतःच पालथा केला. डावीकडच्या फटीवर ती पट्टी होती. डोकं खाली, पाय वर, अंगावर खळीचा एक ओघळ. पण हिरवं लुगडं होतं, सूप होतं, आणि एक पाय उंबऱ्यावर होता. मी तिथंच सारवलेल्या अंगणात बसलो.

"मावशी, ही चौकट मला द्या," मी म्हटलं. "ह्याच देवाची नवी कोरी तसबीर देतो. ह्याहून मोठी देतो."

"आन् ह्यो द्येव?"

"तो मी नेतो."

"आरं जा!" तिनं चौकट छातीशी धरली. "रोज कुकू लावती मी ह्याला. थोरलं पोरगं तापानं फणफणलं व्हतं तवा सात दिस ह्याच्याम्होरं बसलेय. तुजा नवा द्येव मला वळखतो का?"

गठ्ठ्यात तसे पन्नास खंडोबा होते आणि ते सगळे ह्याच्यासारखेच होते, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? आदल्याच दिवशी मास्तरांपुढे मी हाच शहाणपणा करून आलो होतो. मग मी आडवळणं सोडून दिली आणि तिला सगळं खरं सांगितलं. धरण, आंबी, सुरी, भाकरीचं पीठ. ऐकता ऐकता तिनं चौकट पुन्हा पालथी केली आणि त्या नखाएवढ्या बाईकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"तुज्या बायकूची आय व्हय ही?" ती म्हणाली. "आन् उलटी टांगलीस, मुडद्या? मग आधी न्हाई का सांगायचं!"

मग दोघांनी मिळून तोड काढली. दुसऱ्या दिवशी मी हत्यारं आणि नवी चौकट घेऊन गेलो. जुन्या चौकटीच्या पाठीवरच्या तीन बाजूंच्या पट्ट्या सुरीनं चिरल्या. चौथी, सासूची, तेवढी तशीच ठेवली. खिळे उपसून तिच्या आधारानं फळी दारासारखी उघडली. आतून काच आणि खंडोबा अलगद काढून घेतले, नव्या चौकटीत बसवले, आणि फळी परत मिटली. मावशीनं नव्या चौकटीला कुंकू लावलं आणि म्हणाली, "द्येव त्योच हाय ना? मग झालं." मी रिकामी चौकट धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि कुसगावाहून घरापर्यंत ती छातीशी धरून आलो. वाटेत कुणी विचारलं तर थांबलो नाही.

बायकोच्या हातात ती दिली. तिनं ती उलटी धरली, म्हणजे सुलटी, आणि मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी उजेडाला बसली. मी तिला मास्तरांनी सांगितलेलं सांगितलं. खळं, ताक, रिकामं घर काय काढताय, आमी हाय की अजून हितं. ती आधी हसली. "आसंच बोलायची," म्हणाली. "आगदी आसंच." मग खूप रडली. त्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळचा भात झाला नाही, आणि आईनं विचारलंही नाही.

पट्टी सोडवायची तर पाणी हवं, आणि पाणी लावायचं नव्हतं. करवतीनं तेवढंच लाकूड कापून घेता आलं असतं. माझ्यासारख्या कारागिराला काय अवघड होतं त्यात? पण मी करवतीला हात लावला नाही. आपल्या हातावरचा माझा विश्वास उडाला होता. चित्राच्या डाव्या बाजूला ती चौकट तशीच, पाठ बाहेर करून, सासूची पट्टी चित्राकडे येईल अशी टांगली. मध्ये दोन्ही चौकटींचं मिळून तीन बोटं लाकूड. तेवढं सोडलं तर घर पुरं झालं. तेव्हापासून हातानं काढलेल्या चित्राची कड मी उडवली नाही. कुणी आणलं तर चित्राच्या मापाची चौकट करतो. चार दिवस जास्त लागतात आणि गिऱ्हाईक कुरकुर करतं. करू दे.

खिळा ठोकत असताना आई मागं येऊन उभी राहिली होती.

"हे काय?"

"चौकटीची पाठ आहे," मी भिंतीकडे बघत म्हटलं.

ती जवळ गेली. तिला लांबचं दिसत नसे, जवळचं चांगलं दिसायचं. ती त्या पट्टीपाशी नाक टेकेल इतकी वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. बायको चुलीपाशी उभी होती. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"पाठच तर आहे," आई म्हणाली. "पाठीला कोण तसबीर म्हणतं? राहू दे."

रात्री झोपताना तिनं एक धुतलेलं फडकं त्या चौकटीवर टाकलं. नमाजेच्या वेळी तोंड झाकलेलं असावं म्हणून. ते ठीकच होतं.

पहाटे मी जागा होतो. आईनं नमाज पढली, जानमाज गुंडाळून कोनाड्यात ठेवली. बायको चूल पेटवत होती. आई चौकटीपाशी गेली, फडकं काढून त्याची नीट घडी घातली आणि आमच्या लग्नापासून जो शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता तो तिनं उच्चारला.

"उठा विहीणबाई," ती म्हणाली. "उजाडलं. भात तुमचा चांगला होता."